बाहेर चाललेली पावलं

सिंधूला तिच्या सासूबाईंनी लक्ष्मीची पावलं काढायला शिकवली ती ओवीतून. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, त्यात मूठ बुडवायची आणि मुठीची कड फरशीवर टेकवायची. तळवा उमटला की बोटाच्या टोकानं त्याच्यापुढं पाच ठिपके. झालं पाऊल.

पहिली माझी मूठ, लक्ष्मीची ती टाच
मागं सर गं सुने, पुढं पडू दे पाच

सुरुवात आतून करायची. महालक्ष्म्या जिथं उभ्या राहणार त्या चौरंगाकडे तोंड करून बसायचं आणि एकेक पाऊल काढत मागं मागं सरकायचं, उंबऱ्याबाहेर, दोन पायऱ्या उतरून अंगणातल्या तुळशीपर्यंत. बोटं नेहमी आपल्यापासून लांब, म्हणजे घराच्या आत वळलेली. पाठमोरं सरकत गेलं की काढलेलं पाऊल पुसत नाही, पदर लागत नाही. बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये सिंधूनं अशीच पावलं काढली, आणि तिचा नवरा, मधुकरराव, कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आनंद नगरच्या या घरातही अशीच.

यंदा मात्र ती तुळशीपाशी बसली. तुळशीकडे तोंड करून तिनं पहिली मूठ टेकवली आणि सरकत सरकत घराकडे निघाली.

कारण होतं पायऱ्या. पाठमोरं त्या उतरायचं तिला आता धाडस होत नव्हतं. चढताना निदान हातानं चाचपता येत होत्या, बसल्या बसल्या वर सरकता येत होतं. आधी ओवी, मग मूठ, मग पाच बोटं. खाली फारसं बघायचं नाही, हे ती आता शिकली होती. बघितलं की घोटाळा व्हायचा.

असं कधीपासून व्हायला लागलं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. चहा कपाच्या बाहेर पडायला लागला. सांडशी ओट्यावर समोर पडलेली असायची आणि ही सांडशी शोधत घरभर फिरायची. पेपर उघडला की अक्षरं दिसायची, ओळ सापडायची नाही. ताटात भाजीवर नजर ठेवली की पोळी गायब, पोळीवर ठेवली की भाजी. आंधळेपणा म्हणावा, तर भिंतीवरची मुंगीसुद्धा तिला दिसत होती. सगळं दिसत होतं. एकत्र दिसत नव्हतं. मणी दिसत होते, पोत दिसत नव्हती.

मोतीबिंदू तर कधीच काढून झाले होते. चष्मा दोनदा बदलला. शेवटी मधुकरराव तिला स्कूटरवर बसवून शाहपुऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. ते स्कूटर लावायला जागा शोधत राहिले, आणि आत त्या तरुण डॉक्टरनं तिच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड पाडून बघितलं. मग खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"माताजी, आँखें तो आपकी एकदम साफ हैं. गड़बड़ देखने में नहीं, देखे हुए को जोड़ने में है. वो काम यहाँ होता है." त्यानं स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूला हात लावला. "दिमाग़ के डॉक्टर को दिखाइए. देर मत कीजिए. घर से कोई आया है साथ में?"

"नाही," सिंधू म्हणाली. बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "थेंब दिलेत."

तेव्हापासून ती रोज जेवण झालं की मधुकररावांच्या देखत डोळ्यांत गुलाबपाणी घालत होती.

खोटं का बोललीस, असं कुणी विचारलं असतं तर तिच्याकडे दोन उत्तरं होती. एक तिच्या माहेरचं. तिची आत्या शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाली होती, आणि माणसं तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायची, जशी ती तिथं नव्हतीच. डोळे गेले तर लोक हात धरतात. डोकं गेलं म्हटलं की हात सोडतात, हे सिंधूनं लहानपणीच पाहिलं होतं.

दुसरं उत्तर मांडवाच्या दांडीला टांगलेल्या पडद्यामागं, हळदीच्या वस्त्रात गुंडाळून ठेवलेलं होतं. महालक्ष्म्यांचे दोन मुखवटे, शाडूचे, सासूबाईंच्याही सासूच्या वेळचे. त्यांचा दंडक सासूबाई जाताना सांगून गेल्या होत्या: थोरल्या सुनेच्या हातात जोवर थारा आहे तोवर महालक्ष्म्या थोरलीकडे. हात चुकायला लागला, की धाकटीकडे नागपूरला. गेल्या वर्षी सिंधूनं कनिष्ठेचा पदर उलट्या खांद्यावर घेतला होता. धाकटी जाऊ शारदानं तो बघितला होता. निघताना एवढंच म्हणाली होती, "ताई, थकला असाल तर सांगा हं."

तीच शारदा आता फाटकातून आत आली. मागं तिचा नवरा काशिनाथ, दोन्ही हातांत पिशव्या.

"ताई! गिलकी तुमच्याकडे मिळते म्हणून आणली नाही, पण सोळा भाज्यांतल्या बाकी सगळ्या आणल्यात. अहो, पिशवी तिथं नका ठेवू, पावलं..."

शारदा थांबली. तिनं तुळशीकडे बघितलं, मग दाराकडे, मग परत तुळशीकडे.

"अगं बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "लक्ष्मी बाहेर चालली की."

सिंधू उंबऱ्यात बसली होती, हात कोपरापर्यंत पिठानं पांढरा. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मागं सर, पुढं पाच. ती मागं सरली होती, पाचही पुढं पडली होती. फक्त यंदा पुढं म्हणजे घर नव्हतं, तुळस होती. उंबऱ्यापासून फाटकाच्या दिशेनं, रेखीव, एकसारखी, सगळीच्या सगळी पावलं घर सोडून चालली होती.

मधुकरराव हातात स्पिरिट लेव्हल घेऊन बाहेर आले. महालक्ष्म्यांचे लोखंडी स्टँड ते दरवर्षी लेव्हल लावून उभे करत, बुडबुडा मधोमध आला की "ओके" म्हणत. त्यांनी पावलांकडे बघितलं आणि "ओके" न म्हणता चष्मा काढून पुसला.

"चूक माझी आहे, काकू." केतकी, सिंधूची सून, मंदारची बायको, स्वयंपाकघरातून येऊन उभी होती. "मीच म्हटलं आईंना, तुळशीकडून सुरू करा, इकडे मला मॉप मारायचाय. मला काय माहीत इतकं डायरेक्शन असतं ते!"

"तुला माहीत नसणारच," शारदा म्हणाली. "तू तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतंस, काकू, ये सब मेरे बस का नहीं."

"हो, म्हटलं होतं." केतकी हसली, पण डोळे सासूवर होते. "आत्ता पुसून टाकते. आवाहन व्हायचंय ना अजून? मग चालतं ना?"

"चालतं," शारदा नाइलाजानं म्हणाली. "पण अपशकुन तो अपशकुन."

केतकीनं ओल्या फडक्यानं पावलं पुसली. पुसताना ती सिंधूच्या अगदी जवळून गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मॉपचं मी काहीच बोलले नव्हते, आई."

"माहीत आहे मला."

"मग?"

"चष्मा," सिंधू म्हणाली.

"चष्मा नवा आहे."

नवी पावलं शारदानं काढली. सिंधू भिंतीला टेकून ऐकत राहिली. शारदा ओवी म्हणत नव्हती, पण मुठीचा फरशीवर पडणारा तो ओला थाप थाप आवाज तोच होता. प्रत्येक थापेसरशी सिंधूला वाटत होतं, घरातलं काहीतरी एकेक वीत नागपूरकडे सरकतंय.

दुपार कलायच्या आत महालक्ष्म्या उभ्या करायच्या होत्या. लुगडी नेसवताना थोरल्या सुनेखेरीज पडद्याआड कुणी जायचं नाही, हा या घरचा रिवाज. सिंधूनं हातपाय धुतले आणि पडदा ओढून घेतला.

आत दोन स्टँड, बिनचेहऱ्याचे. तिनं ज्येष्ठेचं हिरवं लुगडं उचललं, उलगडलं, आणि ते तिच्या हातात एकदम समुद्र झालं. जरीचा पट्टा दिसला, पण तो काठाचा की पदराचा? काठ सापडला तर दुसरं टोक हरवलं. तिनं ओढलं, तर ते स्टँडच्या पायात अडकलं आणि स्टँड डुलला. तिनं दोन्ही हातांनी तो धरला. 

"ताई, जमतंय ना?" पडद्याबाहेरून शारदा.

"न जमायला काय झालं?"

मग तिनं डोळे मिटले.

मिटल्याबरोबर लुगडं शांत झालं. काठ बोटाला लागला, जरीचा खरखरीत, ओळखीचा. ती ओठातल्या ओठात म्हणायला लागली.

डाव्या हाती काठ, उजव्या हाती निऱ्या
रानात ओढिल्या जशा नांगरानं सऱ्या

हात आपोआप चालले. गाठ, फेरा, निऱ्या, कासोटा, पदर. कुठं अडलं की ओवी परत पहिल्यापासून. ज्येष्ठा नेसून झाली. कनिष्ठेचं जांभळं लुगडंही नेसून झालं. या खेपेला पदर डाव्या खांद्यावरच, तिनं दोनदा चाचपून पाहिला. कपाळावरचा घाम पुसत तिनं डोळे उघडले.

पडद्याच्या आत केतकी उभी होती.

"तू आत कशी आलीस? हे चालत नाही."

"स्टँड हलल्याचा आवाज आला." केतकीच्या हातात अजून ते ओलं फडकं होतं. "आई, तुम्ही डोळे मिटून नेसवत होतात."

"सवय आहे हाताला."

"हो, दिसलं. एकदम परफेक्ट." ती थांबली. कोपऱ्यात जादा ठेवलेलं एक खणाचं कापड तिनं उचललं आणि सिंधूपुढं धरलं. "आता डोळे उघडे ठेवून याचा काठ दाखवा."

"परीक्षा घेतेस का माझी?"

"हो."

सिंधूनं हात पुढं केला. हात कापडाच्या अलीकडेच हवेत मिटला. दुसऱ्यांदा तो केतकीच्या मनगटावर पडला. केतकीनं ते मनगट तसंच राहू दिलं. तिचा चेहरा सिंधूला धड दिसत नव्हता. एक डोळा दिसत होता, तो भरून आला होता. मग ओठ दिसले, ते घट्ट मिटलेले.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" केतकीनं विचारलं. "खरं."

सिंधूनं हात उचलला आणि स्वतःच्या डोक्याच्या मागं, अंबाड्याच्या वर टेकवला.

बाहेर काशिनाथभावजी कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते की रायसेन रोडला यंदा खड्डे कमी आहेत. कुकरची शिट्टी झाली.

"बाबांना सांगायला हवं. मंदारला फोन करायला हवा. आत्ता," केतकी म्हणाली.

"आज नाही. हे तीन दिवस होऊ दे. शारदा बाहेर आहे, बाई. तिला कळलं की यांना घेऊन जाईल, आणि तिचं चुकत नाही, दंडकच आहे तसा. तुला माझी शपथ आहे, केतकी."

"शपथ कशाला घालता तुम्ही! हे काय फेअर आहे?" केतकीचा आवाज फुटला, तिनं तो परत आवळला. "बरं. नाही बोलत. पण मुखवटा मी आणणार. त्या पायऱ्यांवरून तुम्ही नाही."

"ज्येष्ठा थोरल्या सुनेनंच आणायची."

"पडल्या तर?"

"नाही पडणार," सिंधू म्हणाली. ज्येष्ठा पडणार नाही, की आपण, हे तिनं सांगितलं नाही.

तुळशीपाशी पाटावर दोन मुखवटे ठेवले. हळदकुंकू लावलं, नथी घातल्या. सिंधूनं ज्येष्ठा उचलली, शारदानं कनिष्ठा. शाडूचा मुखवटा हाताला गार लागत होता आणि आत पोकळ होता, अंड्यासारखा. मधुकररावांनी थाळी आणि पळी घेतली. दाराच्या आत केतकी उभी राहिली, कारण घरच्या बाईनं आतून विचारायचं असतं, कोण आलं, आणि येणाऱ्यांनी सांगायचं असतं, महालक्ष्म्या आल्या.

थाळी वाजायला लागली. सिंधू चालू लागली. अंगण सपाट होतं. पुसलेल्या पावलांचा पांढुरका डाग आणि शारदानं काढलेली ताजी पावलं तिच्या नजरेत तुकड्यातुकड्यानं येत होती. कुठलं जाणारं, कुठलं येणारं, ते तिला कळेना. तिनं बघणं सोडलं आणि ओवी धरली. पण ही ओवी चालण्याची नव्हती. चालण्याची ओवी तिला सासूबाईंनी शिकवलीच नव्हती. चालायला कुणाला ओवी लागते?

पायरी यायला हवी होती. राखाडी पट्टा दिसला. ती पायरी, की पायरीची सावली? डोळे मिटावेत, तर दोन्ही हातांत ज्येष्ठा. चाचपायला हात नव्हता. तिनं पाऊल उचललं आणि पायरी जिथं असेल असं वाटलं तिथं टेकवलं.

तिथं काही नव्हतं.

गुडघा झटकन खाली गेला. मुखवटा कलला, नथ गालावर आपटून टण्ण वाजली, आणि मागून शारदाचा श्वास ऐकू आला, किंकाळीच्या अगदी अलीकडचा. थाळी थांबली. सिंधूनं मुखवटा छातीशी धरला होता, दोन्ही दंडांत, लेकरू धरावं तसा. तो फुटला नव्हता.

दारात केतकी उभी होती. ती पुढं धावली आणि अर्ध्यातच थांबली. ओठ घट्ट मिटलेले. शपथ पाळत होती पोर.

ते मिटलेले ओठ तेवढे सिंधूला स्वच्छ दिसले. पुढचं पाऊल तिला अजूनही टाकता आलं असतं. कदाचित या खेपेला पायरी सापडलीही असती. पुढच्या वर्षीही कदाचित. आणि एक दिवस हातात मुखवटा नसेल, उकळतं पुरण असेल, नाहीतर केतकीचं मूल असेल, आणि ही अशीच ओठ मिटून दारात उभी असेल, कारण आपण तिला शपथ घातली होती.

"केतकी," ती म्हणाली. "ये. शपथेतून सोडलं तुला."

"कसली शपथ?" मधुकररावांनी विचारलं.

"मला पायरी दिसत नाही." तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, शेजारच्या गच्चीवरची बाईसुद्धा वाकून बघायला लागली. "डोळ्यांना काही नाही झालेलं. थेंब दिले नव्हते कुणी, गुलाबपाणी होतं ते. डॉक्टर म्हणाले, डोक्यात आहे. मेंदूच्या डॉक्टरला दाखवा म्हणाले, देर मत कीजिए म्हणाले, आणि मी देर केली. पावलं मीच उलटी काढली, हिचं काही चुकलेलं नाही."

मधुकररावांच्या हातातली पळी थाळीवर उगीच एकदा वाजली. हे त्यांनी रोज जेवणानंतर बघितलं होतं, बाटली उघडायची, मान मागं टाकायची. "मी बाहेर स्कूटर लावत होतो," ते म्हणाले, जणू सगळा दोष त्या स्कूटरचाच.

शारदानं कनिष्ठा सावरून घेतली. तिच्या तोंडावर काय होतं ते सिंधूला जुळवता आलं नाही.

"ताई," शारदा म्हणाली, "एवढं मोठं घेऊन बसलात, आणि मी आपली पदर बघत होते." मग, कारण ती शारदा होती, "पण मुखवट्यांचं काय? दंडक आहे."

"माझ्या हातात थारा नाही. कबूल." सिंधूनं ज्येष्ठा पुढं केली. "पण थोरल्या घरात सून आहे की नाही, ते तिला विचार."

सगळ्यांनी केतकीकडे बघितलं. केतकीनं ओलं फडकं कमरेला खोचलं, हात पुसले आणि मुखवटा घेतला.

"मला यातलं काही येत नाही," ती म्हणाली. "नेसवायला येत नाही, सोळा भाज्या तर मी नावानंसुद्धा नाही सांगू शकत. पुढच्या वर्षीचं मला विचारू नका, काकू. यंदा धरते. आणि परवा विसर्जनाची वाट नाही बघायची, उद्या सकाळी मी आणि आई दवाखान्यात. पुरण तुम्ही घाटायचं."

"पुरणाचं मला सांगते ही!" शारदा म्हणाली. पण तिनं मान हलवली.

"आई, माझ्या खांद्यावर हात ठेवा. पायरी आली की थांबते."

"थांबू नकोस, नुसतं सांग. आणि म्हण माझ्यामागं."

आली माझी ज्येष्ठा सोन्याच्या पावली
कनिष्ठा मागून तिची गं सावली

केतकी अडखळत म्हणाली, "पावली"ला चाल चुकली. मागून शारदानं ती सावरली. उंबऱ्याशी पोचल्यावर सगळे थबकले. आतून विचारायचं कुणी? बायका तर सगळ्या बाहेर.

मधुकरराव थाळी घेऊन पुढं झाले, घरात शिरले, वळले. घसा खाकरला.

"कोण आलं?"

"महालक्ष्म्या आल्या," तिघी म्हणाल्या.

"कशाच्या..." त्यांना पुढं बोलवेना. काशिनाथभावजींनी मागून पुरवलं, "पावलांनी, दादा, पावलांनी."

"कशाच्या पावलांनी?"

"सोन्याच्या पावलांनी."

ज्येष्ठेचा मुखवटा केतकीनं स्टँडवर बसवला. एकदा बसला की विसर्जनापर्यंत हलवायचा नाही, हे तिला सिंधूनं बसवून झाल्यावर सांगितलं. निरांजन लागलं. सिंधू समोर उभी राहून बघत होती. एक नथ चमकली. मग एक डोळा, काजळ भरलेला. मग हिरव्या काठाचा तुकडा. तिनं मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मुख काही जुळलं नाही.

"केतकी, कशी दिसते गं?"

"छान दिसतात."

"खरं सांग. आता मला खरंच सांगत जा."

केतकीनं नीट निरखलं. "चेहरा थोडा वाकडा बसलाय. डावीकडे. म्हणजे तुमच्याकडेच बघतायत, असं वाटतं."

मधुकरराव लेव्हल घेऊन आलेच. त्यांनी ती मुखवट्याजवळ धरली, बुडबुडा एका टोकाला पळालेला बघितला, आणि त्यांचा हात सवयीनं मुखवट्याकडे गेला.

"अहो," सिंधू म्हणाली, "हात नका लावू. राहू द्या तशीच."